एक्केचाळिसावा विजय

लिओ सोबचाकला आमच्या शहराच्या फेरीमेन या बेसबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक नेमलं, ती बातमी मला त्यानंच फोनवरून दिली. एकोणीसशे त्र्याऐंशीचा जानेवारी होता. सरोवर काठापासून पार आतपर्यंत गोठलं होतं आणि मी दारासमोरचा बर्फ फावड्यानं ओढून नुकताच घरात आलो होतो.

"ऑगी, उभा आहेस की बसलायस?"

"उभा. का रे?"

"मग बस."

मी बसलो. पलीकडून आवाजच येईना. मग त्याची बायको इरीन फोनवर आली. "अरे, फेरीमेननं बोलावलंय त्याला. मदतनीस म्हणून नाही, मुख्य म्हणून! आणि हा बघ, टॉवेलात तोंड घालून रडतोय. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा!" असं म्हणताना तीही रडतच होती.

लिओचा जन्म स्टेडियमपासून तीन गल्ल्या पलीकडचा. त्याचा बाप गोदीत धान्याची जहाजं उतरवायचा. पुढे लिओनं सत्तावीस वर्षं छोट्या गावांच्या संघांना बेसबॉल शिकवला. बसमध्ये झोपायचं, पेट्रोल पंपावर जेवायचं, एखाद्या पोराला तयार करायचं आणि तो मोठ्या संघात गेला की हात हलवून निरोप द्यायचा. त्यातली चौदा वर्षं मी त्याच्यासोबत होतो. मी पिचर लोकांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, शिकवायचो, बाकी सगळं तो बघायचा. मोठ्या संघातून आपल्याला बोलावणं येईल ही आशा आम्ही दोघांनीही कधीच सोडून दिली होती. त्यानं मालकांना एकच अट घातली, ऑगीला घ्या. त्यांनी घेतलं.

सेंट कॅसिमिर चर्चच्या तळघरात आमच्या पोलिश वस्तीनं त्याच्यासाठी जेवण ठेवलं. बटाट्याचं सारण भरलेले पिएरोगी, कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस, लांबच लांब टेबलं. म्हाताऱ्या बायका त्याचे गाल ओढत होत्या. फादर म्हणाले, "आपल्यातला एक जण तिथे पोचला." लिओला बोलायला उभं केलं, तर त्याला एवढंच बोलता आलं : "मी प्रयत्न करीन."

तोवर मालकांनी संघातले तीन चांगले खेळाडू दुसरीकडे देऊनही टाकले होते. चौथा मार्चमध्ये गेला. फ्लोरिडात सराव सुरू झाला तेव्हा आमच्याकडे जे उरलं होतं ते पाहून मी लिओला म्हणालो, "तुला संघ दिलेला नाही रे. नुसतं गोणपाट दिलंय, आतलं धान्य काढून."

"गोणपाट तर दिलंय ना," तो म्हणाला. तो हसत होता. तेव्हा हसत होता.

पहिले तेरा सामने आम्ही ओळीनं हरलो. किती तऱ्हांनी हरता येतं ते मला त्या वर्षी कळलं. एकदा सोपा झेल घ्यायला दोघं धावले, एकमेकांवर आदळले आणि चेंडू दोघांच्या मधे पडून राहिला. एकदा फलंदाजामागे बसणाऱ्या आमच्या कॅचरनं जिथे कोणीच उभं नव्हतं तिथे चेंडू फेकला आणि तीन धावा गेल्या. आठ धावांची आघाडी घेऊन आम्ही हरलो. खेळाडू वाईट नव्हते. काही फार कोवळे होते, काही संपलेले होते, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

डगआउटच्या, म्हणजे आम्ही बसायचो त्या बाकांच्या, मागे पहिल्या रांगेत फ्रँक डुडेक बसायचा. गोदीतून निवृत्त झालेला, लिओच्या बापाबरोबर काम केलेला माणूस. त्याचा आवाज भोंग्यासारखा होता.

"लिओऽ! आज किती वाजता हरायचंय? घरी बायकोनं सूप ठेवलंय!"

"चार वाजता, फ्रँक!" लिओ मागे न वळता ओरडायचा. "सूप गरमच मिळेल!"

लोक हसायचे. मे महिन्यात लोकांनी तोंड लपवायला डोक्यात कागदी पिशव्या घातल्या, डोळ्यांपुरती भोकं पाडून. जूनमध्ये शिव्या सुरू झाल्या. जुलैत लोक यायचेच बंद झाले. शिव्या परवडल्या. चाळीस हजारांच्या मैदानात तीन हजार माणसं बसलेली असली की एखादं मूल रडलेलंही आपल्याला खाली मैदानावर ऐकू येतं.

लिओ रविवारी चालत चर्चला जायचा. एका रविवारी फादरनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि शेवटी म्हणाले, "आणि आपल्या फेरीमेनसाठी." सगळं चर्च हसलं. लिओही हसला. पण पुढच्या रविवारपासून तो पहाटेच्या प्रार्थनेला जायला लागला, तेही गाडीनं, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये. हे मला इरीननं सांगितलं.

"त्याला सांग ना सोडून द्यायला," ती म्हणाली. "तुझं ऐकेल तो."

मी सांगून पाहिलं. लिओ म्हणाला, "मी सोडलं तर त्या पोरांना वाटेल, हाही आपल्याला कंटाळला." मग म्हणाला, "मालक मला काढतही नाहीत रे ऑगी. मी कालच भेटलो. म्हणाले, छान चाललंय तुझं. छान!"

त्या सगळ्या वर्षात आमच्या वाट्याला एकच चांगली गोष्ट आली. ऑरिन टॅकेट.

जूनमध्ये खालच्या संघातून त्याला वर आणलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींच्या खोऱ्यातला, लांब हातांचा, अंगानं काटकुळा, दोन शब्दांत उत्तरं देणारा. त्याचा पहिला चेंडू पाहिला तेव्हा लिओनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि पुढचे दहा चेंडू तो काढलाच नाही. चेंडू टाकणारा असा हात मी आयुष्यात दोनदा पाहिलाय. ऑरिन एक-शून्यनं हरायचा, दोन-एकनं हरायचा. आमचे क्षेत्ररक्षक त्याच्या चेंडूवर सोपे झेल सोडायचे, तो त्यांच्याकडे वाकड्या नजरेनं बघायचाही नाही. बूट झाडायचा आणि पुढचा चेंडू टाकायचा.

त्याची बायको डार्लीन आणि चार महिन्यांची मुलगी त्याच्यासोबत भाड्याच्या खोलीत राहायच्या. इरीननं त्यांना दर सोमवारी जेवायला बोलवायचं ठरवून टाकलं. लिओ बाळाला मांडीवर घेऊन ऑरिनला फलंदाजांच्या खोड्या सांगायचा. कोण डाव्या पायानं आधी पुढे येतो, कोण उंच चेंडूला भुलतो. लिओ-इरीनला मूलबाळ नव्हतं. हे मी उगाच सांगत नाहीये.

"आपण सगळं हरू," लिओ मला एकदा म्हणाला, "पण हा पोरगा उरेल. दहा वर्षांनी लोक विचारतील, याला कोणी घडवला? एवढं मला पुरे."

ऑगस्टच्या शेवटी सरावानंतर ऑरिन माझ्याजवळ रेंगाळला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ते बाहेर पडायला दहा मिनिटं लागली.

"ऑगी, तुमच्या कधी शेवटच्या दोन बोटांना मुंग्या आल्यात?"

"कधीपासून येतायत?"

"झाला एक महिना. कोपरातून खाली काहीतरी जातं. तारेसारखं."

मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कोपर दाबून, वळवून पाहिलं आणि सांगितलं, विश्रांती द्या, ती जमत नसेल तर कमी टाकू द्या. मी लिओला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लिओनं तिथल्या तिथे ठरवलं. ऑरिन आठवड्यातून एकदाच टाकेल, आणि नऊपैकी सहा डावांच्या वर एक चेंडूही नाही. "हा हात काही मालकांचा नाही," तो म्हणाला, "आणि माझाही नाही." सप्टेंबरभर त्यानं ते पाळलं. दोनदा सहाव्या डावानंतर ऑरिनला बाहेर काढलं, आणि दोन्ही वेळा आम्ही जिंकत आलेला सामना हरलो.

हंगामाचा शेवटचा आठवडा संपत आला तेव्हा आमच्या नावावर चाळीस विजय आणि एकशे वीस पराभव होते. एवढे आजवर एकाच संघानं पाहिले होते. आणखी एक हरलो की सगळ्यांत वाईट संघ म्हणून आमचं नाव पुस्तकात जाणार होतं. दोन सामने उरले होते, शनिवार आणि रविवार, दोन्ही आमच्याच मैदानावर, दुपारचे. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर रोज तो आकडा यायचा. न्यूयॉर्कहून कॅमेरेवाले आले. ते लिओला विचारायचे, "इतिहासात जाताना कसं वाटतंय?" तो त्यांना कॉफी हवी का विचारायचा.

शुक्रवारी सराव संपल्यावर फ्रँक डुडेक कुंपणाशी उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी फेकेल तोंडावर. तो हलक्या आवाजात म्हणाला, "लिओ, घरी जा रे. आजारी पड. उद्या-परवा येऊच नकोस. तुझ्या बापासाठी सांगतोय."

लिओनं कुंपणातून त्याचा हात दाबला आणि आत गेला. मी मागोमाग गेलो तर तो बूट न काढता बाकावर बसला होता. "शिव्या देत होता तेव्हा बरा होता," तो म्हणाला.

शनिवारी मैदान भरलं. वर्षात पहिल्यांदा. लोक आमचं हसं बघायला आले होते. फलक होते, पिशव्या होत्या, कोणीतरी शवपेटी बनवून आणली होती आणि तिच्यावर संघाचं नाव रंगवलं होतं. आणि चेंडू ऑरिनच्या हातात होता.

पहिल्या डावात तिन्ही फलंदाज त्यानं बाद केले. दुसऱ्यात तिन्ही. चौथ्या डावात आमच्या एका म्हाताऱ्या फलंदाजानं कसाबसा फटका मारला, दुसऱ्यानं धाव काढली, एक-शून्य. लोक हसून टाळ्या वाजवत होते. पाचव्या डावात हसणं थांबलं. कधी थांबलं ते सांगता येणार नाही, पण एकदम लक्षात आलं की हे लोक आता आमच्यासाठी ओरडतायत. पिशव्या खाली पडल्या होत्या आणि माणसांचे चेहरे दिसत होते. तोंडं उघडी, भिजलेली. ती शवपेटी कोणीतरी पायाखाली घेतली होती, वर उभं राहून बघायला.

सहावा डाव संपला. ऑरिन बाकावर येऊन बसला आणि उजवा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला. मी लिओजवळ गेलो.

"सहा झाले."

"हं."

"लिओ, सहा झाले."

"ऐकलं मी." तो प्रेक्षकांकडे बघत होता. त्याच्या गल्लीतली माणसं तिथे होती, चर्चमधल्या बायका होत्या, सगळे उभे. "अजून एक. चेंडू छान पडतोय त्याचा."

सातवा गेला. आठव्यात ऑरिनचा वेग उतरला. त्यांचे दोन फलंदाज धावेच्या वाटेवर पोचले होते आणि बाद एकच झाला होता. लिओ डगआउटमधून निघाला आणि मी त्याच्या मागून निघालो. कोपऱ्यात राखीव पिचर हात गरम करून तयार उभा होता. चाळीस हजार माणसं एका सुरात ओरडत होती, "राहू दे! राहू दे!"

पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर आम्ही पोचलो. ऑरिनचा चेहरा घामानं निथळत होता, पण ओठ कोरडे होते.

"कसं वाटतंय, पोरा?" लिओनं विचारलं.

इथे मला एक सांगितलंच पाहिजे. सत्तावीस वर्षांत लिओनं शंभरेक तरुण प्रशिक्षकांना बजावलं असेल की पिचरला हे कधी विचारायचं नाही. तो खोटंच सांगणार. बोटं बघा, खांदा बघा, श्वास बघा आणि आपण ठरवा. विचारायचं नाही. आणि त्या दिवशी त्यानं विचारलं.

"मस्त वाटतंय, कप्तान," ऑरिन म्हणाला.

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. मला टाकू द्या. तुमच्यासाठी टाकतो."

लिओनं माझ्याकडे पाहिलं. मी बोललो नाही. हेही सांगितलंच पाहिजे. मी तेव्हा म्हणू शकत होतो, बास, चेंडू दे इकडे. मलाही ते ओरडणं ऐकू येत होतं. मलाही आठ महिने झाले होते.

लिओनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आम्ही परत फिरलो. मैदानाचा कानठळ्या बसवणारा आवाज झाला.

त्यानं तो डाव काढला. नववाही काढला. शेवटचा फलंदाज उंच झेल देऊन बाद झाला, आमच्या पोरानं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि लोक कठडे ओलांडून आत आले. मी मोठी मोठी माणसं ओक्साबोक्शी रडताना पाहिली. फ्रँक डुडेक लिओच्या गळ्यात पडून पोलिश भाषेत काहीतरी बडबडत होता. लिओला त्यांनी खांद्यावर घेतलं. त्याची टोपी कोणीतरी नेली आणि वर त्याचं टक्कल उन्हात चमकत होतं. इतका आनंदी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ऑरिन कुठे दिसेना. मी आत गेलो. तो मालिशच्या खोलीत एकटाच बसला होता. कसाबसा शर्ट चढवला होता, पण समोरून उघडाच.

"ऑगी, जरा बटणं लावता का?" तो म्हणाला. "बोटं वळत नाहीयेत."

मी बटणं लावली. सहा होती. त्याचा हात कोपरात अर्धा वाकलेला राहिला होता आणि सरळ होत नव्हता.

"शेवटून तिसऱ्या चेंडूला काहीतरी सुटलं आतून," तो म्हणाला. "आवाज आला. कप्तानांना आज सांगू नका. त्यांना आजचा दिवस असू दे."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी लिओच्या घरी सगळी गल्ली जमली होती. इरीन पिएरोगी तळून तळून दमली होती, कोणीतरी अकॉर्डियन आणलं होतं. लिओ मला दरवाजातच मिठी मारून म्हणाला, "पोरगा कुठाय?" मी म्हटलं, दमलाय, झोपलाय.

रविवारी आम्ही नऊ-शून्यनं हरलो. एकशे एकविसावा पराभव. लोक कमी आले होते आणि कोणीही हसलं नाही. म्हणजे शनिवारच्या विजयानं काय झालं? जी गोष्ट शनिवारी व्हायची ती रविवारी झाली. एवढंच.

सोमवारी इस्पितळाच्या बाकावर लिओला मी खरं सांगितलं. डॉक्टर बाहेर यायच्या आधी. त्याला निदान माझ्या तोंडून कळावं म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला शनिवारीच कळलं होतं?"

"हो."

"मी नाचत होतो तेव्हा?"

"हो."

त्यानं मला दोष दिला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये मालकांनी आम्हाला काढलं. लिओच्या ते लक्षातही आलं नसावं. ऑरिनची शस्त्रक्रिया झाली होती आणि तो गावी गेला होता. नोव्हेंबरात लिओ म्हणाला, "मला त्याच्याकडे जायचंय." मी गाडी चालवली. दिवसभराचा रस्ता होता आणि तो बहुतेक खिडकीतून बाहेर बघत होता.

दार डार्लीननं उघडलं. तिनं आम्हाला आत घेतलं, कॉफी दिली, आणि मग उभ्या उभ्याच म्हणाली, "मिस्टर सोबचाक, तुम्ही त्याला विचारलंत. तो काय सांगणार हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," लिओ म्हणाला.

"मग का विचारलंत?"

"त्यानं हो म्हणावं म्हणून."

ती रडायला लागली. ऑरिन बाळाला डाव्या हातावर घेऊन आतून आला. उजवा हात पट्ट्यात होता. "जाऊ दे ना, डार्लीन," तो म्हणाला. मग लिओकडे वळून, अगदी मनापासून म्हणाला, "कप्तान, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला दिवस होता."

"असं म्हणू नकोस," लिओ म्हणाला. "पोरा, मला शिव्या दे, पण असं म्हणू नकोस."

ऑरिनला काही कळलं नाही. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला.

त्यानं दोन वर्षं प्रयत्न केला. चेंडू पडायचा, पण तो कोणाचाही चेंडू असू शकला असता. मग त्यानं खाणीच्या गोदामात नोकरी धरली. नाताळला त्याचं कार्ड यायचं, लिओकडे आणि माझ्याकडे, डाव्या हातानं लिहिलेलं.

लिओ पुन्हा कुठल्या संघाकडे गेला नाही. आणि एक विचित्र गोष्ट घडत गेली. वर्षं गेली तसे लोक ते एकशे एकवीस पराभव विसरले. आठवत राहिला तो फक्त शनिवार. तिथे चाळीस हजार माणसं होती, पण मला भेटलेल्या लाखभर लोकांनी तो सामना मैदानात बसून पाहिलाय.

शेवटचा मी लिओबरोबर बाहेर पडलो ते ब्रेड आणायला. त्याला तेव्हा काठी लागत होती. बेकरीत आमच्या पुढे एक बाई होती, तिशीतली, आम्ही तिला ओळखत नव्हतो. तिनं वळून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही लिओ सोबचाक ना?"

"हो."

"मी नऊ वर्षांची होते. वडिलांच्या खांद्यावर बसून बघितला मी तो सामना. ते गेले मागच्या वर्षी. शेवटपर्यंत सांगायचे, लिओनं त्या पोराला काढलं नाही, म्हणून आपण जिंकलो." तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचे आभार मानायचे राहिले होते."

लिओ तिच्याकडे बघत होता. मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल, खरं काय ते सांगेल. त्याचा जबडा हललाही.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. लिओनं मान हलवली. "चांगला माणूस असणार," तो म्हणाला, आणि ती जाईपर्यंत तिच्याकडे बघून हसत उभा राहिला.

मग त्यानं राय धान्याचा एक ब्रेड मागितला, कापून.